५८८ ला हुकलं, ५०७ ला मिळालं: एका रिपीटरच्या दुसऱ्या अर्जाचं प्रकरण

वैद्यकीय प्रवेशाच्या २०२४ च्या 'नीट'मध्ये ५८८ गुण, २०२५ च्या 'नीट'मध्ये ५०७. दोन्ही आकडे एकाच मुलाचे. पहिल्या वर्षी त्याला एमबीबीएसची जागा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी, ८१ गुण कमी पडूनही, शासकीय महाविद्यालयात मिळाली. हे ऐकल्यावर लोक म्हणतात, "नशीब!" नशीब होतंच थोडं. पण ते वर्ष मी जवळून पाहिलंय, आणि त्यात नशिबापेक्षा कागदांचा आणि एका वहीचा वाटा मोठा होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

मी ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवायचो. आता निवृत्त आहे. तालुक्याच्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसतो, आणि जून ते सप्टेंबर पोरांचे प्रवेशाचे फॉर्म बघतो. मुलाला इथे सुजय म्हणू. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत, आणि मजकूर त्याच्या घरी वाचून दाखवलाय.

पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्यातलं गाव, तालुक्यापासून चौदा किलोमीटर. वडिलांना, म्हणजे अण्णांना, चार एकर कोरडवाहू. सोयाबीन घेतात आणि घरालगत पिठाची गिरणी चालवतात. आई अंगणवाडीत मदतनीस. धाकटी बहीण तेव्हा नववी संपवून दहावीत जाणारी. सुजय दहावीला ९४ टक्क्यांनी पास झाला आणि आपल्याकडे पुढे जे होतं ते झालं. सगळ्या गावानं मिळून त्याला डॉक्टर ठरवला.

अकरावीला तो तालुक्याच्या कॉलेजात होता. बारावीला एका खासगी क्लासच्या सांगण्यावरून कॉलेज बदलून लातूरला गेला. हा बदल पुढे महागात पडला, पण अभ्यासामुळे नाही.

५ मे २०२४ ला परीक्षा झाली. निकाल १४ जूनला अपेक्षित होता, तो अचानक ४ जूनला लागला. त्या दिवशी लोकसभेची मतमोजणी. गावातला प्रत्येक टीव्ही मतमोजणीवर, आणि हा पोरगा गिरणीच्या ओट्यावर मोबाईल धरून बसलेला. ५८८. आदल्या वर्षीच्या हिशेबानं चांगले गुण. पण २०२४ मध्ये गुणांचा फुगा असा फुगला होता की ५८८ ला ऑल इंडिया रँक जवळजवळ लाखाला टेकली.

नेमकं काय चुकलं

घरचे म्हणत होते, "पेपरफुटीमुळं गेलं." ते पूर्ण खोटं नव्हतं. वाढीव गुण, १५६३ जणांची फेरपरीक्षा, न्यायालयातल्या याचिका, सगळं त्याच उन्हाळ्यात झालं. पण रिपीटरचा अर्ज बळकट करायचा असेल तर आधी आपल्या ताब्यातलं काय चुकलं ते शोधावं लागतं. जुलैच्या शेवटी सुजय आणि अण्णा माझ्याकडे फाईल घेऊन आले, तेव्हा मला त्यात तीन भोकं दिसली.

पहिलं गुणांचं. जीवशास्त्र ३३२, रसायन १४४, भौतिक ११२. परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावरून त्यानं आपल्या ओएमआरची, म्हणजे गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रत आणि उत्तरतालिका उतरवून ठेवली होती, पण ताडून बघितली नव्हती. बहुतेक मुलं बघत नाहीत. ती जखम उघडायची कुणाची तयारी नसते. आम्ही बसून ताडली. भौतिकशास्त्रात ३१ बरोबर, १२ चूक, दोन कोरे.

दुसरं कागदांचं. सुजय इतर मागासवर्गातला. जातीचा दाखला होता, जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं. अकरावी-बारावी विज्ञानाला कॉलेजमार्फतच जात पडताळणीचा अर्ज जातो. तालुक्याच्या कॉलेजला वाटलं पोरगा गेला, लातूरच्या कॉलेजला वाटलं अकरावीत झालं असेल. त्या दोन समजांच्या मध्ये त्याचा अर्ज पडला. नॉन-क्रिमी लेयरचा, म्हणजे घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा, दाखला होता, पण त्याची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपलेली. परिणामी राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत त्याला खुल्या प्रवर्गातून नोंदणी करावी लागली. कागद असते तरी त्या वर्षी ५८८ ला शासकीय जागा मिळाली असती असं मी म्हणत नाही. पण खासगी महाविद्यालयांतल्या राखीव जागांसाठी उभं राहता आलं असतं, आणि शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मागता आली असती. तो दरवाजाच त्याच्यासाठी बंद होता.

तिसरं पसंतीक्रमाचं. त्यानं फक्त सहा महाविद्यालयं भरली होती: छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, धाराशिव, परभणी. कारण विचारलं तर अण्णा म्हणाले, "सर, आपल्याला मराठवाड्यातच सत्तर टक्के असतंय ना?" सत्तर टक्के जागा त्याच भागातल्या मुलांना देणारा तो प्रादेशिक ७०:३० चा कोटा २०२० मध्येच रद्द झालाय. चार वर्षं जुनी माहिती पारावरून थेट ऑनलाईन फॉर्ममध्ये उतरली होती.

शिवाय सात आठवडे नुसतेच वाहून गेले होते. ४ जूनपासून २३ जुलैपर्यंत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयानं परीक्षा रद्द करायला नकार देईपर्यंत, सुजय "री-नीट होणार" या आशेवर बसला. पुस्तक उघडलं नाही, कागद हलवले नाहीत. व्हॉट्सॲपवर मात्र रात्री दोन वाजेपर्यंत जागा.

समोरचे पर्याय

पाच पर्याय मांडले गेले. ते सारख्या वजनाचे नव्हते.

खासगी एमबीबीएस खुल्या प्रवर्गातून काठावर होतं. शेवटच्या फेऱ्यांत कदाचित. पण वर्षाला दहा लाखांच्या आसपास शुल्क म्हणजे चारातली दोन एकर पहिल्याच दोन वर्षांत. मामा म्हणाले, "जमीन काय, परत घेता येते." अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त गिरणीचा पट्टा काढून ठेवला आणि दळण घेऊन आलेल्या बाईला उद्या या म्हणाले. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

परदेशात एमबीबीएसची जाहिरात घेऊन एक एजंट घरापर्यंत आला होता. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, सगळ्याचं पॅकेज. मी एवढंच विचारलं, "परत आल्यावर इथली पात्रता परीक्षा पहिल्या फटक्यात किती पोरं काढतात, ते लिहून द्याल का?" तो चहा पिऊन गेला.

बीडीएसकडे, म्हणजे दंतवैद्यकाकडे, सुजयचा ओढा नव्हता. बीएएमएस मात्र खरा पर्याय होता. शासकीय आयुर्वेदला जागा लागण्याची शक्यता होती, आणि मी त्याला दोनदा सांगितलं की यात कमीपणा नाही. इथे मी थोडा जास्त जोर लावायला हवा होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. २०२५ ला काही जुळलं नसतं तर हाच निर्णय चुकीचा म्हणून लिहावा लागला असता.

पाचवा, रिपीट. प्रयत्नांना मर्यादा नाही, २०२२ पासून वयाची वरची अटही नाही. त्यामुळे नियम आडवे येत नव्हते. प्रश्न घराला आणि मुलाला परवडतं का, एवढाच होता. माझी अट एकच होती: रिपीट करायचं तर परीक्षेचं आणि अर्जाचं, दोन्हींचं. नुसती परीक्षा पुन्हा द्यायची असेल तर बीएएमएसला जा.

आईनं निर्णय दिला. "एक वर्ष. पण घरून."

निर्णय पहिला: क्लास की घर

लातूरच्या रिपीटर बॅचचं शुल्क, मेस आणि खोली मिळून पावणेदोन लाखांच्या घरात जात होतं. क्लासवाले फोनवर फोन करत होते. पण ताडलेल्या उत्तरांत उघड दिसत होतं की सुजयला धडे नव्यानं शिकायची गरज नव्हती. जीवशास्त्रात ८४ बरोबर असलेल्या मुलाला पेशीची रचना पुन्हा कुणी शिकवायची? त्याला गरज होती परीक्षा देण्याची आणि चुका बघण्याची.

म्हणून असं ठरलं की डिसेंबरपर्यंत घरी राहायचं, दुपारी अभ्यासिकेत यायचं, ऑनलाईन चाचण्या द्यायच्या. जानेवारीपासून लातूरला फक्त टेस्ट बॅच. खर्च पन्नास हजारांच्या आत आला. हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही. घरी राहून झोपा काढणारी पोरंही मी पाहिलीत. सुजयच्या घरी पहाटे साडेपाचला गिरणी सुरू होते, तिथे झोप लागणं शक्य नव्हतं.

निर्णय दुसरा: चुकांची वही

भौतिकशास्त्रातल्या बारा चुका आम्ही एकेक करून बघितल्या. प्रत्येकीपुढे एक अक्षर लिहायचं: 'घ' म्हणजे घाई, 'आ' म्हणजे आकडेमोड, 'अ' म्हणजे अर्धवट. दोन 'घ' निघाले. दोन्हींत चुकीचं विधान विचारलं होतं आणि यानं बरोबर विधानावर गोल केला होता. तीन 'आ'. उरलेले सात 'अ': चारातले दोन पर्याय बाद झाले, उरलेल्या दोनांत अडकला, शेवटी एक ठोकला.

सगळे सांगतात, शंका असेल तर सोडून द्या. गणित तसं म्हणत नाही. बरोबरला चार, चुकीला उणे एक. दोनांत अडकल्यावर निम्म्या वेळा जरी बरोबर आलं तरी प्रश्नामागे सरासरी दीड गुण हातात येतो. मग सुजयचं बिनसलं कुठे? त्याच्या आठवणीप्रमाणे असे नऊ प्रश्न होते, त्यातले दोनच बरोबर आले. आठ वजा सात, हाती एक गुण. सापळ्याचा पर्याय मुद्दाम त्याच्यासारख्या अर्धवट आठवणाऱ्यासाठी रचलेला असतो. आणि खरा तोटा त्या एका गुणाचा नव्हताच. प्रत्येक अशा प्रश्नावर त्यानं दोन-तीन मिनिटं घालवली. रसायनातले चार प्रश्न कोरे राहिले ते त्यामुळे, वाचायलाच वेळ उरला नव्हता.

म्हणजे रोग भौतिकशास्त्रात आणि वेदना रसायनात. हे कळल्यावर इलाज सोपा होता, अंगवळणी पडायला मात्र चार महिने लागले. पहिल्या फेरीत प्रश्न वाचून चाळीस सेकंदांत वाट दिसली नाही तर खूण करून पुढे. दुसरी फेरी सगळे विषय झाल्यावर. दर चाचणीनंतर वहीत घ-आ-अ. सप्टेंबरमध्ये एका चाचणीत दहा-अकरा 'अ' यायचे, फेब्रुवारीत तीन-चार.

निर्णय तिसरा: कागद

हा भाग मुलांना रटाळ वाटतो. मला विचाराल तर याच भागानं प्रवेश दिला.

पडताळणीचा अर्ज ऑगस्टमध्येच भरला. विद्यार्थ्यांसाठीचा नमुना १६, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३, सोबत नमुना १७, आणि बारावीच्या कॉलेजचं पत्र. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे कुटुंब त्या आधीपासून इथलं आणि त्याच जातीचं असल्याची नोंद. अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला १९८० च्या दशकातला, त्यानं भागत नव्हतं. आजोबांचा हवा होता, आणि आजोबा चौथीपर्यंतच शिकलेले.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडलं. प्रवेश-निर्गम नोंदवहीचा कणा वाळवीनं खाल्लेला, पानं सुतळीनं बांधलेली. आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यामुळे सुरुवातीची काही पानं उर्दूत. आजोबांची नोंद १९५४ ची, मराठीत, जांभळ्या शाईत. नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, जात स्पष्ट. आडनाव मात्र वेगळं! मूळ गावावरून पडलेलं जुनं आडनाव तिथे होतं, आज घर वेगळं आडनाव लावतं. सुजयनं त्या पानाचा फोटो काढला आणि बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "सर, आजोबांची जन्मतारीखसुद्धा आम्हाला माहीत नव्हती."

जात पडताळणी समितीकडून त्रुटी निघाली ती याच आडनावावर. हे अपेक्षित होतं. मग अण्णांचे एक चुलत चुलते सापडले. त्यांच्या मुलाला काही वर्षांपूर्वी वैधता मिळालेली होती. रक्ताच्या नात्यातल्या माणसाची वैधता हा फार वजनदार पुरावा. अडचण एकच, त्या घराशी बांधावरून बोलणं बंद होतं. अण्णा स्वतः गेले नाहीत. आई गेल्या, पेढे घेऊन, आणि प्रमाणपत्राची प्रत आणि दोन्ही आडनावं एकाच कुटुंबाची असल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुजयची वैधता हातात आली.

नॉन-क्रिमी लेयर नव्यानं काढलं, मुदत प्रवेशाच्या वर्षाला पुरेल अशी बघून. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढला, कारण देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी राज्याचा दाखला चालत नाही. अधिवासाचा दाखलाही होता. सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, आणि मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत गिरणीपासून लांब. पीठ कुठेही जातं.

मधला खड्डा

दिवाळीला मित्र गावी आला, बीएएमएसच्या पहिल्या वर्षाचा, पांढरा एप्रन घेऊन. त्यानंतर बारा दिवस सुजय अभ्यासिकेत आला नाही. गिरणीवर बसायचा. आईचा फोन आला, "सर, बोलत नाही हो काही."

मी गेलो, अभ्यासाचं काही बोललो नाही. गहू दळून घेतला. निघताना म्हटलं, रोज पाच प्रश्न सोडव आणि मला फोटो पाठव, बाकी काही नको. तीन दिवस फोटो आले नाहीत, चौथ्या दिवशी रात्री अकराला आले. पाचातले चार चूक होते. मी उत्तरं तपासली, चुकांबद्दल काही लिहिलं नाही. बाराव्या दिवशी तो सायकल घेऊन अभ्यासिकेत आला. त्या काळात कुणी त्याला कडक भाषण दिलं असतं तर तो परत आला नसता असं मला वाटतं. पण असा खड्डा येणार हे ऑगस्टमध्येच गृहीत धरून ठेवायला हवं होतं. मी धरलं नव्हतं.

निर्णय चौथा: जानेवारीतला बदल

२५ जानेवारी २०२५ ला एनटीएनं जाहीर केलं की पर्यायी प्रश्न बंद. आधी २०० पैकी १८० सोडवायचे होते आणि २०० मिनिटं होती. आता १८० च्या १८० बंधनकारक, वेळ १८० मिनिटं. म्हणजे वीस मिनिटं गेली आणि नावडता प्रश्न टाळायची सोयही गेली.

त्याच महिन्यात सुजय लातूरला टेस्ट बॅचला गेला. तिथे पहिले तीन आठवडे जुन्याच साच्याच्या प्रश्नपत्रिका दिल्या जात होत्या, छापून पडल्या होत्या म्हणून. सुजयनं स्वतःच ठरवलं की प्रत्येक विषयाच्या 'ब' विभागातले पहिले दहाच घ्यायचे आणि १७० मिनिटांत पेपर बंद करायचा. दहा मिनिटं मुद्दाम कमी. हे त्याचं डोकं, माझं नाही.

परीक्षेचा दिवस आणि निकालाचा दिवस

४ मे २०२५ चा भौतिकशास्त्राचा पेपर ज्यांनी दिला ते विसरणार नाहीत. केंद्राबाहेर पोरं ढसाढसा रडत होती. सुजय बाहेर आला तो शांत, पण पांढरा पडलेला. म्हणाला, "चौदा सोडले."

पंचेचाळीसपैकी चौदा कोरे. आदल्या वर्षीचा सुजय त्या चौदांशी झुंजत बसला असता आणि जीवशास्त्राला शेवटची पस्तीस मिनिटं उरली असती. यंदा पहिल्या फेरीत वाट दिसली नाही ते त्यानं खरंच सोडले. एकतीस सोडवले, तेवीस बरोबर, आठ चूक, ८४ गुण. रसायन ११८. जीवशास्त्र ३०५. बेरीज ५०७.

१४ जूनला, शनिवारी, निकाल लागला. घरात ५०७ हा आकडा आधी पोचला, रँक नंतर. त्या मधल्या अर्ध्या तासात आईंनी देवापुढचा दिवा विझवला, मामांनी फोनवर "जमीन विकायला सांगितलं होतं" हेही म्हणून घेतलं. अण्णांनी मला फोन केला, आवाज बसलेला. "एक्क्याऐंशीनं कमी आले, सर." मी म्हटलं, "गुण राहू द्या, रँक वाचा." पंचेचाळीस हजारांच्या आसपास. आदल्या वर्षीच्या निम्म्यावर.

त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते, २०२४ ला सुधारित निकालानंतरही ७२० घेणारे सतरा जण होते. खुल्या प्रवर्गाची पात्रताच १६२ वरून १४४ वर उतरली. प्रवेश रँकवर होतो, हे पालकांना निकालाच्या आधी चार वेळा सांगून ठेवावं. निकालाच्या दिवशी सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

निर्णय पाचवा: पसंतीक्रम

जुलैअखेर नोंदणी झाली, या वेळी इतर मागासवर्गातून. कागद तपासणीत एकही त्रुटी निघाली नाही.

पसंतीक्रम भरायला आम्ही दोन संध्याकाळ बसलो. एक गैरसमज इथे मोडावा लागला. पोरांना वाटतं, मिळण्याजोगं कॉलेज वर टाकावं, नाहीतर ते "वाया जातं". तसं काही नसतं. गुणवत्तेच्या क्रमानं तुमची पाळी आली की संगणक तुमची यादी वरून खाली वाचत येतो आणि जिथे पहिली जागा रिकामी दिसेल तिथे थांबतो. आवडीचं वर टाकल्यानं खालचं जात नाही. खालचं टाकलंच नाही तर मात्र जातं.

म्हणून राज्यातली सगळी शासकीय आणि महापालिकांची महाविद्यालयं टाकली, खऱ्या आवडीच्या क्रमानं. वाद झाला तो २०२४ ला नव्यानं सुरू झालेल्यांवर. जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, गडचिरोली, अमरावती. तिथे वसतिगृह पूर्ण नाही, अध्यापक कमी, असं सुजयनं ऐकलं होतं, आणि त्यात तथ्य होतंच. तो म्हणाला, "त्यापेक्षा खासगी वर टाकू." मी त्याला कागदावर दोन ओळी लिहायला लावल्या. एकीत साडेचार वर्षांचा दोन्हीकडचा खर्च, दुसरीत गैरसोयी. लिहून झाल्यावर त्यानं स्वतःच खासगी खाली सरकवली. शासकीयला एक वर्षाच्या ग्रामीण सेवेचं बंधपत्र आहे, ती न केल्यास दहा लाख भरावे लागतात. हेही अण्णांना आधीच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खेड्यात एक वर्ष? तो राहतोय कुठं आत्ता?"

परिणाम

ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीची यादी लागली. विदर्भातलं एक नवं शासकीय महाविद्यालय. सुजयच्या यादीत बरंच खाली असलेलं. त्यानं प्रवेश घेतला, दुसऱ्या फेरीसाठी दार उघडं ठेवलं, पण पुढे बदल झाला नाही. वसतिगृहाची इमारत अजून पूर्ण नव्हती, तिघं मिळून बाहेर खोली घेतली. पहिल्या महिन्यात त्याचा फोन आला तो शरीररचनाशास्त्राच्या तासाबद्दल नव्हताच, मेसच्या भाजीत तेल किती असतं याबद्दल होता.

पुन्हा केलं तर काय वेगळं करू

सर्वात आधी, जून-जुलैमधले ते सात आठवडे. न्यायालयात काय होईल ते होईल, पडताळणीचा अर्ज त्यासाठी थांबवायचं काही कारण नव्हतं. दुसरं, अकरावी-बारावीच्या मध्ये कॉलेज बदलणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आता पहिला प्रश्न विचारतो: नमुना १६ कुणी भरला, पावती कुठे आहे?

भौतिकशास्त्राबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. चौदा कोरे ठेवणं त्या दिवशी बरोबर ठरलं, पण शेवटची चार मिनिटं तो नुसता बसून होता. त्या चौदांपैकी ज्यांत दोन पर्याय बाद झाले होते तेवढे तरी ठोकायला हवे होते. वर्षभराच्या वहीनं त्याचा अंदाज सुधारला होता, हे फेब्रुवारीच्या चाचण्यांत दिसत होतं. मी त्याला ते शेवटचं वळण शिकवलं नाही. सोडायला शिकवण्यात इतका गुंतलो की परत यायला शिकवायचं राहिलं.

आणि बीएएमएसचा प्रश्न मी अजून मिटवू शकलेलो नाही. सुजयबरोबर त्या वर्षी माझ्याकडे आणखी तिघं रिपीट करत होती. एकाला बीडीएस मिळालं, दोघांना काही नाही. त्यांतल्या एकीची वही सुजयच्या वहीपेक्षा नेटकी होती.

सुजयची बहीण यंदा अकरावीला आहे, विज्ञानाला. पहिल्या सहामाहीच्या आधीच तिचा पडताळणीचा अर्ज गेला. पुराव्याचा पहिला कागद म्हणून भावाचं वैधता प्रमाणपत्र जोडलंय, आणि त्याखाली १९५४ च्या त्या पानाची प्रत.